आखाजीच्या दोन दिवस आधीचा स्लॅब: खानदेशातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

चोपडा तालुक्यात तापीच्या उत्तरेला असलेल्या एका गावातलं हे घर. मालकांना इथे आप्पा म्हणू. केळी आणि कापूस करणारं कुटुंब. जुनं धाब्याचं घर उतरवून त्यांनी त्याच जागेवर आरसीसीचं घर बांधायला काढलं. पुढेमागे वर एक मजला चढवायचाही विचार होता. डिझाइन माझं. बांधकाम गावातल्याच एका मिस्त्रींकडे होतं. पंचवीसेक वर्षं घरं बांधणारा हा माणूस, हाताला चांगला आणि शब्दाला पक्का. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात कुणी लबाडी केली नव्हती.

स्लॅब ११५० चौरस फुटांचा, १२५ मिमी म्हणजे ५ इंच जाडीचा. बीम धरून १७ घनमीटरच्या आसपास काँक्रीट. ग्रेड एम-२०, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिमीला २० न्यूटन ताकद. गावात वजनावर माल घालायची सोय नसते, म्हणून फर्म्याने, म्हणजे मापाच्या खोक्याने मोजून १ : १.५ : ३ हे प्रमाण धरलं. सिमेंट १, वाळू दीड, खडी ३. या प्रमाणात घनमीटरला सुमारे ८ पोती लागतात, म्हणजे एकूण १४० पोत्यांच्या घरात. एका पोत्याचा मिक्सर असेल तर १४० घाणे, म्हणजे मिक्सरच्या १४० खेपा. एका घाण्याला ३ मिनिटं धरली तरी न थांबता ७ तासांचं काम. पहाटे साडेपाचला सुरुवात झाली तर साडेबारापर्यंत उरकतं. हे गणित मिस्त्रींनाही ठाऊक होतं, मलाही.

जळगावहून तयार काँक्रीट मागवायचा विचार आम्ही आधी केला होता. गाडीत माल भरल्यापासून २ तासांत तो रिकामा व्हायला हवा, असं तयार काँक्रीटच्या मानकात म्हटलं आहे. अंतर जमलं असतं, पण गावातल्या बोळात ती गाडी वळत नव्हती. म्हणून साइटवरच माल करायचं ठरलं.

त्या दिवशी काय झालं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या वर्षी एप्रिलअखेर होती. स्लॅब तिच्या दोन दिवस आधी धरला. आदल्या संध्याकाळी मी जाऊन स्टील तपासलं, सळईखाली काँक्रीटचं कव्हर राहावं म्हणून ठेवायचे कव्हर ब्लॉक पाहिले, दोन ठिकाणी जादा सळई बांधायला लावली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘एम-२०, कव्हर २० मिमी, व्हायब्रेटर वापरणे.’ सकाळी मला जळगावला दुसरं काम होतं, म्हणून मी आलो नाही.

मिक्सर पहाटे यायचा तो नऊला आला. तोवर इलेक्ट्रिकचे दोन पाइप राहिल्याचं लक्षात आलं. नारळ फुटला तेव्हा साडेदहा वाजले होते आणि अंगणात सावलीतसुद्धा झळ लागत होती. सेंट्रिंगच्या प्लेटा लोखंडी, खडी बेसाल्टची काळीभोर, पाणी अंगणात ठेवलेल्या काळ्या टाकीतलं. तिन्ही वस्तू सकाळपासून उन्हात. आप्पांच्या पुतण्याने नंतर सांगितलं की प्लेटेवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता, म्हणून तिच्यावर पाणी शिंपडलं तर ते बघता बघता उडून जायचं.

पहिले घाणे बरोबर निघाले. पाणी घालायला १५ लिटरची बादली होती. एका पोत्याला पावणेदोन बादल्या, कधी दोन. एम-२०च्या प्रमाणात पोत्यामागे पाण्याची कमाल मर्यादा ३० लिटर, म्हणजे इथवर ठीक. मिस्त्रींनी याच पहिल्या घाण्यांतून चाचणीसाठी तीन क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरले आणि सावलीत ठेवले.

साडेअकराच्या पुढे माल मिक्सरमधून निघून घमेल्यात पडेपर्यंतच आवळायला लागला. वरून हाक आली, “माल घट व्हई ऱ्हायना, पानी सोड.” मिक्सरवरच्या पोराने पाणी सोडलं. त्याला कुणी ‘नको’ म्हणालं नाही, कारण ‘नको’ म्हणायचं काम कुणाकडेच नव्हतं. आप्पा पंगतीच्या तयारीत, मिस्त्री वर पाटा घेऊन, मी जळगावात. दुपारपर्यंत पोत्याला तीन बादल्या झाल्या होत्या. ४५ लिटर.

दीड वाजता मिक्सरचा पट्टा तुटला. नवा पट्टा येईपर्यंत पावणेदोन तास गेले. माल मधल्या खोलीवर, बीमच्या कडेलाच येऊन थांबला होता. कड सरळ नव्हती, उतरती आणि पातळ होत गेलेली. सव्वातीनला काम पुन्हा सुरू झालं तेव्हा जुन्या कडेवर नवा माल तसाच ओतला गेला. ना ती कड खरवडली, ना तिच्यावर सिमेंटचं पाणी मारलं. स्वयंपाकघराचा शेवटचा भाग संध्याकाळी उशिरा संपला. तोवर ऊन उतरल्यामुळे पाणी थोडं कमी झालं होतं, अडीच बादल्यांच्या आसपास.

पाणी वाढलं की नेमकं काय बिघडतं

काँक्रीट वाळून घट्ट होतं असा आपल्याकडे सर्रास समज आहे, आणि या प्रकरणाचं मूळ मला त्यात दिसतं. वाळणं म्हणजे पाणी जाणं, मग थोडं जास्त पाणी पडलं तर उन्हात तेही जाईल, असा तो हिशोब. प्रत्यक्षात सिमेंट पाण्याशी संयोग पावतं आणि त्यातून तयार होणारा पदार्थ वाळू-खडीला धरून ठेवतो. त्या संयोगाला लागणारं पाणी सिमेंटच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आतच असतं, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला फार तर २० लिटर. त्यावरचं पाणी फक्त माल चालता राहावा म्हणून. ते नंतर निघून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते. ३० लिटरच्या जागी ४५ लिटर घातलेलं काँक्रीट म्हणजे आतून भोकंभोकं झालेला दगड. पट्टीने मापलं तर ५ इंच भरतं, ताकद मात्र निम्म्यावर येते.

सिमेंट पीपीसी होतं, म्हणजे १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश मिसळलेलं. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात कोळसा जळून जी राख उरते, तीच ही जात. या सिमेंटचं काँक्रीट टिकाऊ होतं, पण ताकद सावकाश धरतं आणि त्याला जास्त दिवस ओलं ठेवावं लागतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायला सांगितलं आहे. मिश्र सिमेंट असेल किंवा हवा उष्ण-कोरडी असेल तर किमान १०, आणि मिश्र सिमेंटला शक्यतो १४. एप्रिलअखेरचं खानदेश आणि पीपीसी, दोन्ही एकत्र आल्यावर १४ला पर्यायच नव्हता. इथे सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं जात होतं आणि दुपारी बारा ते पाच स्लॅब कोरडा पांढरा पडत होता. आखाजीचे दोन दिवस तर कुणी वर चढलंच नाही. लेकी माहेरी आल्या होत्या, झोके बांधले होते, घर भरलेलं होतं. शिवाय शेताच्या फीडरची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीला होती आणि विहीर तळाला गेलेली.

अडचण लक्षात आली ती अशी

बाराव्या दिवशी आप्पांचा फोन आला. पुतण्याने गच्चीवर खिळ्याने ओरखडा काढून पाहिला तर पावडर निघत होती. मी गेलो. मधल्या खोलीवर पृष्ठभागावर जाळीसारख्या तडा होत्या. स्लॅब टाकल्यावर पहिल्या काही तासांत वरचं पाणी खालून येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उडालं की अशा तडा पडतात. त्या सहसा वरवरच्या असतात, त्यांनी मी फारसा घाबरलो नाही. घाबरलो ते खालून पाहिल्यावर. दुसऱ्या साइटवर प्लेटा हव्या होत्या म्हणून मिस्त्रींच्या माणसांनी एका बाजूच्या प्लेटा सोडवायला सुरुवात केली होती. तिथे बीमलगत तिरकी रेघ दिसत होती, दोन वेगळ्या दिवशी ओतलेला असावा असा दोन रंगांचा माल, आणि रेघेवर वीतभर लांबीचं मोहोळ, म्हणजे खडीमधली पोकळी. उघड्या खडीत बोटाचं पेर जात होतं.

“सायेब, आते काय करानं?” आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, आधी एकही टेकू हलवायचा नाही.

हा पहिला निर्णय आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवसांनी काढता येतात, असं आयएस ४५६ सांगतं. पण हे दिवस साध्या सिमेंटचे आणि नीट ताकद धरलेल्या काँक्रीटचे. इथे पहिली गोष्ट नव्हती आणि दुसरी शंकेत होती. भाडं चढणार म्हणून मिस्त्री कुरकुरले. मी त्यांना बाजूला घेऊन त्या मोहोळात बोट घालायला सांगितलं. त्यानंतर ते टेकूंबद्दल काही बोलले नाहीत.

कोणते पर्याय होते

मिस्त्रींचं म्हणणं होतं, मोहोळात ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल भरू, वरून वॉटरप्रूफिंगचा कोबा करू. भोक बुजलं असतं, पण आजूबाजूच्या काँक्रीटची ताकद एका किलोनेही वाढली नसती. आप्पांचे जळगावचे मेहुणे म्हणाले, सगळा स्लॅब पाडा. त्यांची भीती मला समजत होती, पण सकाळचा भाग ठोकल्यावर खणखणीत वाजत होता. तो पाडणं म्हणजे चांगला माल आणि एका कुटुंबाची वर्षभराची बचत फेकून देणं.

तिसरा मार्ग मोजून ठरवण्याचा होता. मिस्त्रींनी तोवर क्यूबचा दाखला पुढे केला. तिन्ही क्यूब २८ दिवसांनी उत्तम निघतील याची त्यांना खात्री होती, आणि ते तसेच निघालेही, सरासरी २५ न्यूटन प्रति चौरस मिमी. पण ते तिन्ही क्यूब साडेदहा-अकराच्या घाण्यांतले, सावलीत ठेवलेले आणि पाण्याच्या पिंपात बुडवलेले होते. त्यांनी फक्त सकाळच्या मालाची साक्ष दिली. १६ ते ३० घनमीटर काँक्रीटला आयएस ४५६ प्रमाणे तीन नमुने घ्यायचे असतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब. म्हणजे नऊ, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेले. दुपारी तीनला एक जरी नमुना भरला असता तर हा वादच उरला नसता.

म्हणून कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेले गोल नळकांडीसारखे नमुने काढायचं ठरलं. २८ दिवस पूर्ण होऊ द्यायचे, तोवर गोणपाट टाकून स्लॅब सतत ओला ठेवायचा. उशिरा मारलेलं पाणी गेलेली ताकद पूर्ण परत आणत नाही, पण पीपीसीमध्ये थोडीफार भर पडते.

काय केलं

स्लॅबचे तीन भाग केले: सकाळचा, मधल्या खोलीचा, स्वयंपाकघराचा. प्रत्येकातून तीन कोअर, सळई चुकवून. मोहोळाच्या शेजारचा कोअर मशीनमधून निघताना दोन तुकड्यांत निघाला. मी तो आप्पांच्या हातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने खडी दाबली, ती सुटून पडली. ते काही बोलले नाहीत. कोअरचे ते दोन तुकडे अजून माझ्या टेबलावर आहेत. तो कोअर दाबून पाहण्याजोगा नव्हता, म्हणून त्याच्याऐवजी हातभर अंतरावर दुसरा काढला.

निकषाप्रमाणे कोअरची क्यूबइतकी धरलेली सरासरी ताकद ग्रेडच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. एम-२०ला म्हणजे सरासरी १७ आणि प्रत्येकी १५. आकडे आले ते असे. सकाळच्या भागाची सरासरी १९.४. मधल्या खोलीची १३.२. स्वयंपाकघराची १६.६, पण तिथले तिन्ही कोअर १५च्या वर.

सकाळचा भाग ठेवायचा, मधली खोली तोडायची, इथवर कुणाचं दुमत नव्हतं. खरा पेच स्वयंपाकघराचा. १७ला फक्त ०.४ कमी. सोडून द्यावं असं सगळ्यांनाच वाटत होतं आणि माझंही मन तिकडे झुकत होतं. पण ‘जवळपास पास’ असा निकाल मानकात नाही. अशा वेळी भार ठेवून पाहण्याची चाचणी असते. पूर्ण मृतभार, म्हणजे बांधकामाचं स्वतःचं वजन, आणि त्यावर राहत्या वापराच्या भाराच्या सव्वापट, २४ तास. घरासाठी वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात, त्याची सव्वापट २५०. फरशी अजून बसायची होती, तिचे १०० धरले. एकूण ३५०. स्वयंपाकघर १०.८ चौरस मीटरचं, म्हणून ५० किलोच्या ७६ वाळूच्या गोण्या लागल्या. स्लॅबखालचे टेकू दोन बोटं खाली उतरवून ठेवले होते, काही झालंच तर स्लॅब त्यांच्यावर यावा म्हणून. खाली मध्यभागी वाकणं मोजायला डायल गेज.

रात्री मी तिथेच खाटेवर झोपलो. झोप म्हणजे नावापुरती. दर दोन तासांनी बॅटरी घेऊन गेज पाहायचं. सकाळी आकडा १.९ मिमी होता आणि तिथेच थांबला होता. ३ मीटर गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, आणि १२५ मिमी जाडीला मर्यादा येते २.८८ मिमी. वाकणं त्या मर्यादेच्या आत असेल तर गोण्या काढल्यावर स्लॅब किती परत वर येतो हे मोजण्याची गरज राहत नाही. तरी आम्ही मोजलं. बहुतेक सगळा वर आला.

मधली खोली, १३ बाय १५ फूट, छिन्नी-हातोड्याने तोडली. ब्रेकर लावला असता तर एका दिवसात झालं असतं, पण त्याच्या हादऱ्याने बीम आणि चांगला स्लॅब दुखावला असता आणि जुनी सळई जागेवर ठेवायची होती. चार दिवस गेले. कड बीमपाशी उभी सरळ तासली, खडी उघडी पाडली. बीमच्या कडेला जोड घेणं मला मनापासून आवडत नाही. जोड गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात असावा, जिथे शीअर, म्हणजे काँक्रीट कापू पाहणारा जोर, कमी असतो. पण पर्याय नव्हता. शीअर मोजला, तो थोडा होता आणि सळई अखंड होती, म्हणून स्वीकारलं. मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधला बीमही दुपारच्याच मालातला. हातोडा आणि ध्वनिलहरींच्या चाचणीत तो मध्यम दर्जाचा निघाला. त्याच्याखाली भिंत येणारच होती, ती ९ इंची करून बीमपर्यंत घट्ट चढवली.

नवं काँक्रीट रोहिणी नक्षत्रात, मृगाच्या आधी टाकलं. सव्वादोन घनमीटर, १८ पोती. खडीवर रात्री पाणी मारून ताडपत्री टाकली. पाणी सावलीत, त्यात बर्फाच्या दोन लाद्या. बादली बंद. २५ लिटरचा कॅन, त्यावर रंगाने रेघ, आणि माल चालण्यासाठी ओळखीचं प्लास्टिसायझर मोजून. पहाटे पाचला सुरू, साडेसहाला संपलं. थर्मामीटर मालात खुपसला तेव्हा ३१ अंश होते. उन्हाळी कामाच्या मानकात ४०ची मर्यादा आहे. कॅन भरून देण्याचं काम पुतण्याकडे होतं आणि मिस्त्रींनी सगळ्यांसमोर सांगितलं की कॅनशिवाय पाणी पडलं तर घाणा फेकायचा.

पाणी मारण्याची युक्ती आप्पांची. केळीच्या बागेतून जुन्या ठिबकच्या नळ्या आणून त्यांनी गोणपाटावर अर्ध्या अर्ध्या मीटरवर पसरल्या. ताशी ४ लिटरचे ९० ड्रिपर. दिवसा दर तासाला १० मिनिटं चालवलं तर ६० लिटर, बारा तासांत ७२० लिटर. एका टाकीत दिवस निघतो, विहिरीला त्रास नाही, आणि गोणपाट भर दुपारीही हाताला गार लागतं. वर केळीची वाळलेली पानं. चौदा दिवस हे चाललं. या भागात घरोघरी ठिबक आहे आणि मी इतक्या वर्षांत हे सुचवलं नव्हतं.

निष्पत्ती

पावसाळ्यात मी दोनदा गेलो. मधल्या खोलीच्या छताला ओल नाही. बीमलगतची रेघ रंगाखाली बारीक दिसते, तिच्यावर पेन्सिलने तारीख टाकून ठेवली आहे, म्हणजे ती वाढली तर कळेल. खर्च तिघांनी वाटून घेतला. सिमेंट-खडी आप्पांची, तोडणं आणि मजुरी मिस्त्रींची, चाचण्यांचे पैसे मी भरले. भरायलाच हवे होते.

काय वेगळं करता आलं असतं

साडेदहाला नारळ फोडण्याऐवजी काम आठ-दहा दिवस पुढे ढकलणं हा खरा पर्याय होता. त्याची किंमत होती: टोळी आखाजीला पाड्यावर गेली की लवकर येत नाही, प्लेटांचं भाडं चढतं, पंगतीचं अन्न शिजलेलं असतं. ही दडपणं खरी आहेत. दुसरा पर्याय अर्धा दिवस थांबून संध्याकाळी पाचला सुरू करण्याचा आणि दिव्यांवर रात्री बारापर्यंत चालवण्याचा. तो कुणाला सुचला नाही, मी तिथे असतो तर सुचला असता.

मिक्सर बंद पडला तेव्हा १० मिनिटांत एक फोन आला असता, तर फळी लावून जोड योग्य जागी उभा कापून घेता आला असता आणि वर ओलं गोणपाट टाकता आलं असतं. तेवढ्यानेही मधल्या खोलीचा बराचसा भाग वाचला असता.

माझ्या चिठ्ठीत ग्रेड होती, कव्हर होतं, व्हायब्रेटर होता. किती लिटर पाणी, किती वाजेनंतर सुरू करायचं नाही, माल आवळला तर काय घालायचं आणि कुणाला विचारायचं, यातलं एकही अक्षर नव्हतं. एम-२० लिहिलं म्हणजे हे सगळं आलंच असं मी धरून चाललो. मिक्सरवरच्या पोराला एम-२० म्हणजे काय हे कुणी सांगितलं होतं? आता माझी चिठ्ठी मिक्सरला चिकटवलेली असते आणि तिच्यावर पहिला शब्द ‘पाणी’ असतो. मार्च ते जूनमध्ये नऊच्या पुढे स्लॅब सुरू होत असेल तर माझी सही त्यावर नसते.

वरच्या मजल्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. स्वयंपाकघराच्या स्लॅबवर भिंत चढवू नका, असं मी आप्पांना लेखी दिलं आहे. नेमकं तिथेच वर देवघर करायचं त्यांच्या मनात होतं. ते आता जिन्याच्या बाजूला घ्यायचं का, यावर घरात अजून बोलणं चालू आहे.